गोदावरीचं पाणी नेमकं जातं कुठे? आणि नाशिकच्या खाली नदी एवढी घाण का?

वैजापूरचा_मास्तर:
नमस्कार मंडळी, मी वैजापूर तालुक्यात हायस्कूलला भूगोल शिकवतो. नववीच्या पोरांना यंदा आपल्याच नदीवर प्रकल्प द्यायचं ठरवलंय, म्हणजे गोदावरी खोरं. पुस्तकातली माहिती आहे माझ्याकडे, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम, लांबी १,४६५ किमी, राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते, खोऱ्याचं क्षेत्र ३ लाख १२ हजार चौ. किमीच्या वर आणि त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात. पोरं हे घोकतात आणि मग विचारतात की सर एवढी मोठी नदी हाय तर आपल्याकडं दर उन्हाळ्यात टँकर का येतो. मी आपलं पाऊस कमी म्हणून सांगतो, पण ते त्यांना पटत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तर जमेल तसं सांगा. एक म्हणजे पाणी अडतं कुठे आणि वापरतं कोण. दुसरं, दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जायकवाडीला (पैठणच्या धरणाला) वरून पाणी सोडायचं का नाही ह्यावर जी भांडणं होतात त्यातलं ते ६५ टक्क्यांचं प्रकरण काय आहे, सोप्या भाषेत. आणि तिसरं, नाशिकच्या खालच्या सायखेड्याकडचे आमचे पाहुणे म्हणतात गंगेत पाय घालायची इच्छा होत नाही आता, सगळ्या पाणवेली. तेच पाणी पुढे आमच्या कालव्यात आणि नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, येतं ना? मग आपण नेमकं काय पितोय?

जुना_पाटकरी:
मास्तर, पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो, घाणीचं दुसरं कोणीतरी सांगेल.

नकाशावर गोदावरी एक रेघ दिसते पण पाण्याच्या हिशोबाला तिचे तीन तुकडे धरावे लागतात. पहिला तुकडा सह्याद्रीच्या माथ्याचा, इगतपुरी, त्र्यंबक, पेठच्या बाजूचे डोंगर, भंडारदरा. इथे वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण हा पट्टा इतका अरुंद आहे की त्र्यंबकवरून पूर्वेला गाडी काढली की तासा-दीड तासात तुम्ही त्यातून बाहेर. मग दुसरा तुकडा, नाशिकच्या पूर्वेपासून थेट परभणीपर्यंत, पर्जन्यछायेचा. तुमचं वैजापूर, कोपरगाव, गंगापूर, पैठण सगळं ह्यात. ह्या तालुक्यांत पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही कधी दोन महिने गायब. आणि तिसरा तुकडा नांदेडच्या पुढचा, प्राणहिता, इंद्रावती, शबरी येऊन मिळतात तो. एकट्या प्राणहितेचं खोरं सगळ्या खोऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आहे. वर्षाचं सरासरी साडेतीन हजार टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी गोदावरीत म्हणतात ना, त्यातलं फार मोठं ह्या तिसऱ्या तुकड्यातलं. ते खाली तेलंगणा-आंध्रात वाहतं, तुमच्या दारावरून जात नाही. पोरांना हे एवढं सांगितलं तरी टँकरचं अर्धं उत्तर झालं.

आता पहिल्या तुकड्यात जे पडतं ते तिथेच अडतं. गंगापूर (हे नाशिकजवळचं धरण, तुमच्याकडचं गाव नव्हे), काश्यपी, गौतमी-गोदावरी, आळंदी हा एक समूह, दारणा, मुकणे, भावली, भाम, वाकी हा दुसरा, करंजवण, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव हे पालखेडच्या बाजूचे, शिवाय प्रवरेवर भंडारदरा आणि निळवंडे, मुळेवर मुळा धरण. ह्यातलं दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा त्याच्याही आधीचा. म्हणजे नगरच्या कालव्यांचा हक्क शंभर वर्षांचा. आणि जायकवाडी? शास्त्रीजींनी १९६५ ला भूमिपूजन केलं, इंदिराबाईंनी १९७६ ला लोकार्पण. एकूण साठा १०२ टीएमसी, त्यातला २६ मृत म्हणजे तळाचा, कालव्यात न येणारा, आणि ७६ जिवंत म्हणजे वापरता येणारा. हे धरण बांधलं तेव्हा वरून जेवढा येवा, म्हणजे येणारं पाणी, येईल असं गृहीत धरलं होतं तेवढा येत नाही, आणि बांधून झाल्यावर वर नवी धरणं होत गेली. भांडणाचं मूळ एवढंच आहे बघा, बाकी राजकारण.

६५ टक्के म्हणजे असं. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, त्यात कलम १२(६)(ग) आहे, की एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी. म्हणजे वरचं धरण काठोकाठ आणि खालचं वीस टक्क्यांवर असं चालणार नाही. कायदा झाला पण तो लागू कसा करायचा ते कुणी ठरवलं नव्हतं. मग मेंढेगिरी समिती बसली, २०१३ ला अहवाल आला, २०१४ ला प्राधिकरणाने त्यावर आदेश दिला. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या कोणत्या समूहातून किती सोडायचं त्याचा तक्ता आहे त्यात. ह्या ६५ मध्ये खरिपाला वापरलेलं पाणीपण मोजतात हे लोक विसरतात. २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने पण समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. २०२३ ला ह्याच हिशोबाने ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला होता.

पण सोडलं म्हणजे पोचलं असं नाही. नदीचं पात्र कोरडं असतं, वाळू पाणी पिते, मध्ये केटी वेअर म्हणजे कोल्हापुरी बंधारे, त्यांच्या फळ्या काढायला लागतात, काठावरच्या मोटारी बंद राहाव्यात म्हणून वीज तोडतात, तरी गळतंच. पोलीस बंदोबस्तात पाणी सोडायची पाळी आलेली आहे, मी स्वतः बंधाऱ्यावर उभा होतो रात्री, गावकरी एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या.

आणि एक गणित पोरांना करायला द्या. नाथसागर परातीसारखा पसरट आहे, भरला की पसारा साडेतीनशे चौ. किमीपर्यंत जातो. सरासरी २०० चौ. किमीच धरा आणि वर्षाला दीड मीटर पाणी उडतं असं धरा. ३०० दलघमी (दशलक्ष घनमीटर) होतं, एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, म्हणजे साडेदहा टीएमसी वाफ. संभाजीनगर शहराला दिवसाला २०० दशलक्ष लिटर (एमएलडी) दिलं तरी वर्षाचं अडीच टीएमसीच होतं. उन्हाने पिलेलं पाणी शहराच्या चौपट. ह्यावर भांडताना कुणी दिसत नाही.

राहाता_बागायत:
जुना_पाटकरी साहेब, मांडणी बरोबर केली पण नगरवाल्यांची बाजू नेहमीसारखी एका ओळीत उरकली. आमच्या आज्याने गोदावरी कालव्यावर ब्लॉक (ठरलेला पाण्याचा हक्क) घेतलेला, तेव्हा मराठवाडा निजामाकडं होता, जायकवाडी कुणाच्या डोक्यात पण नव्हती. आज पाणीमागणीचा सात नंबर अर्ज भरायचा, पाटकऱ्याच्या (कालव्याचं पाणी सोडणाऱ्याच्या) मागं फिरायचं आणि आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार ते पेपरात वाचायचं. आम्ही टेलला म्हणजे कालव्याच्या शेवटी, हेडवाल्याचं म्हणजे सुरुवातीच्याचं भिजून उरलं तर आम्हाला. पूर्वी उन्हाळी आवर्तनं किती मिळायची ते म्हाताऱ्यांना विचारा. नाशिकची लोकसंख्या वाढली, पिण्याचं आरक्षण वाढलं, एमआयडीसीचं वाढलं, ते सगळं शेतीच्या पाण्यातून कापलं, आणि त्यातून उरलं त्यावर ६५ टक्के.

ऊस ऊस म्हणून सगळे आमच्यावर घसरतात. मान्य, ऊस पाणी खातो. प्रवरेच्या पट्ट्यात जास्त पाण्याने जमिनी चोपण झाल्या, पांढऱ्या खारवट, तिथं आता कुसळ उगवत नाही, हे आम्हीच केलं. पण जायकवाडीचं पाणी मिळाल्यावर तिकडं पण ऊसच लावलाय की, पैठण, गेवराई, माजलगाव फिरून बघा. डाव्या कालव्याची लांबी २०८ किमी, परभणीपर्यंत जायचा आहे, टेलला पाणी पोचतं का विचारा कुणाला तरी. म्हणजे तिथं पण हेडवाला आणि टेलवाला हेच.

नाशिककर_गोदा:
आता माझी पाळी, कारण घाण आमची आहे असं सगळ्यांनीच ठरवलंय :)

मास्तर, आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, गंगापूर धरणातलं पाणी चांगलं आहे. नदी शहरात शिरते तेव्हा चांगलीच असते, फक्त शिरते किती हा प्रश्न. पावसाळा संपला की धरणातून नदीत मुद्दाम सोडलेलं आवर्तन सोडलं तर शहराला लागणारं पाणी थेट पाइपातून उचललं जातं, नदीला काही उरत नाही. मग ते पाणी लाखो लोकांच्या मोरीतून, संडासातून, वॉशिंग मशीनमधून फिरून परत नदीत येतं पण ते शहराच्या खालच्या अंगाला. म्हणजे जानेवारी ते मे आमच्या खाली जी गोदावरी वाहते ती मुख्यतः आमचं वापरलेलं पाणी असतं, काही प्रक्रिया केलेलं, काही तसंच. लोक म्हणतात नदीत सांडपाणी मिसळतं, अहो मिसळायला खाली नदी असावी लागते ना.

ठिकाणं सांगतो म्हणजे पोरांना नकाशावर दाखवता येतील. सोमेश्वरपर्यंत बरी. मग नाले सुरू. रामकुंडात आवर्तन असेल तेव्हा पाणी खेळतं, एरवी साचून हिरवं. तिथल्या तळाला सिंहस्थाच्या कामांत काँक्रीट टाकलं, त्यामुळे जुने जिवंत झरे दबले म्हणून इथले लोक कोर्टापर्यंत गेले, ते काढायचा विषय अजून पूर्ण सुटलेला नाही. पुढे नासर्डी येऊन मिळते, आता तिला नंदिनी म्हणतात, नाव गोड केलं म्हणून पाणी गोड झालं नाही. ती सातपूर-अंबड एमआयडीसीच्या पट्ट्यातून येते, तिथे धातूला मुलामा देणारे (प्लेटिंगचे) छोटे छोटे कारखाने भरपूर. मग तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडीचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं. त्याखाली एकलहऱ्याचा बंधारा, वीजकेंद्राला पाणी लागतं म्हणून बांधलेला, तिथे पाणी थांबतं आणि पाणवेली सुरू, त्या सायखेडा, चांदोरीपासून पार नांदूर मध्यमेश्वरपर्यंत. तुमच्या पाहुण्यांनी बरोबर सांगितलं. पाणवेल हे लक्षण आहे, तिला नायट्रोजन-फॉस्फरस मिळतोय म्हणून ती वाढतेय. मशीन लावून काढतात, काठावर ढीग घालतात, पहिल्या पावसात ढीग परत नदीत, पुढच्या वर्षी परत टेंडर.

गंमत म्हणजे नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० ला जाहीर झालं. शंभर वर्षांचा गाळ साचून उथळ दलदल झाली आणि पक्ष्यांना ती आवडली. थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावर जा, फ्लेमिंगो, चित्रबलाक, बदकं. लोक फोटो काढून म्हणतात वा काय स्वच्छ निसर्ग. पक्षी आले म्हणजे पाणी शुद्ध असं समजू नका एवढंच, उलट बरीच बदकं अशा खतावलेल्या पाण्यातच रमतात.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी परत कोटींचे आकडे ऐकतोय. घाट होतील, रस्ते होतील. ड्रेनेजचं जाळं जमिनीखाली असतं, त्याचं उद्घाटन करताना फोटो चांगला येत नाही.

वैजापूरचा_मास्तर:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. नाशिककर, म्हणजे आमच्याकडे जो नांदूर मध्यमेश्वरचा जलद कालवा येतो, वैजापूर-गंगापूरला, त्यात हेच पाणी? आणि कुणीतरी ते बीओडी वगैरे पोरांना समजेल असं सांगाल का, पेपरात नुसता आकडा देतात, चांगला का वाईट ते कळत नाही.

लॅबवाली_ताई:
मास्तर, मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, रोजचंच आहे.

बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो ते माप. घाण जास्त, बीओडी जास्त, आणि तेवढा ऑक्सिजन माशांच्या तोंडचा गेला. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, तो उरलेला शिल्लक. आंघोळीच्या पाण्याचा निकष आहे बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि डीओ ५ पेक्षा जास्त. शिवाय विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरला २,५०० च्या वर नकोत. केंद्रीय प्रदूषण मंडळ ह्या बीओडीवरून नद्यांचे प्रदूषित पट्टे ठरवतं, ३० च्या वर गेला तर पहिला वर्ग म्हणजे सगळ्यात वाईट, ३ ते ६ असेल तर पाचवा. २०१८ च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते त्यात महाराष्ट्राचे ५३, २०२२ ला देशात ३११ झाले आणि आपले ५५. दोन्ही वेळा आपण पहिले. २०१८ ला गोदावरीचा सोमेश्वरपासून खालचा पट्टा पहिल्या वर्गात होता.

आता नाशिककरांनी जे म्हटलं ते आकड्यात दाखवते, फळ्यावर करून बघा. जुने एसटीपी ३० बीओडीच्या नियमाला बांधलेले आहेत. समजा प्लांट अगदी नियमात चालतोय आणि ३० चं पाणी सोडतोय. त्यात एक बीओडी असलेलं स्वच्छ पाणी नऊपट मिसळलं तर मिश्रण ३.९ चं होतं. नऊपट स्वच्छ पाणी! तेही आंघोळीच्या निकषात बसत नाही. आणि उन्हाळ्यात नाशिकखाली नऊपट सोडा, एकपट पण नसतं. म्हणजे कुणीही नियम मोडला नाही तरी नदी नापास. म्हणून प्लांटचा निकष १० वर आणायचं चाललंय, आणि म्हणूनच धरणातून नदीला म्हणून थोडं पाणी सतत सुटलं पाहिजे ही मागणी आहे. वरच्या दोघांनी पाणीवाटपाचं भांडण सांगितलं आणि नाशिककरांनी घाणीचं, माझ्या टेबलवर आलं की ते एकच भांडण आहे.

कालव्याचं विचारलंत तर हो, नदीतलं पाणी बंधाऱ्यात येतं आणि तिथून कालव्यात. पण आवर्तन सुटतं तेव्हा दारणा-मुकणेचं धरणाचं पाणी भरपूर असतं त्यामुळे ते बरंच पातळ झालेलं असतं. धोका आवर्तन नसताना मागे डबक्यात राहिलेल्या पाण्याचा आणि काठावरच्या विहिरींचा जास्त. नदीही स्वतःला थोडी साफ करते, उथळ वाहत्या पाण्यात हवा मिसळते, नांदूर मध्यमेश्वरच्या दलदलीत पण बरंच गाळलं जातं. नाथसागरात पोचेपर्यंत बीओडी खूप खाली येतो. पण फॉस्फरस जात नाही, तो साठतो. उथळ साठा, ऊन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळ. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की शुद्धीकरण केंद्रावर तुरटी आणि क्लोरीनचा डोस वाढवावा लागतो, नळाच्या पाण्याला मातकट वास येतो तो शेवाळाचा.

आणि नाशिकला बोट दाखवताना संभाजीनगरवाल्यांनी खाम नदी आठवावी. शहरातून आणि वाळूजकडून येते ती पण नाथसागरातच जाते. आपलंच आपल्याला परत.

विहिरींचं खास सांगते. शाळेतल्या पोरांच्या घरच्या विहिरीचं पाणी तपासा, नदीपेक्षा ते जास्त उपयोगाचं. युरिया आणि उकिरडा ह्यामुळे नायट्रेट सापडतो, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. दिसत नाही, वास नाही, उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतो. वरच्या दुधात असं पाणी घातलं तर तान्ह्या बाळांना त्रास होतो.

मांजराकाठ:
मांजरा पण गोदावरीचीच उपनदी आहे बरं का, कुणी नाव घेतलं नाही म्हणून सांगतो. बालाघाटात उगम, बीड, धाराशिव, लातूर करत खाली निजामसागर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरेवरचं धनेगावचं धरण पूर्ण आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, म्हणजे गोदावरी खोऱ्यातल्या शहराला कृष्णा खोऱ्यातलं पाणी टँकरच्या वाघिणींनी. पोरांना हे सांगा, विसरणार नाहीत. त्याआधी २०१५ ला परळीचं वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवलं होतं. तरी उसाचं क्षेत्र पाऊस झाला की परत वाढतंच.

वैनगंगावाला:
सगळं वाचलं. नांदेडच्या पुढे तिसरा तुकडा आहे एवढं बोलून सगळे परत पैठणला गेले, नेहमीसारखं. आमच्याकडे पाणी आहे तर काय मजा आहे का?

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनीकडून येते, वर्धा बैतूलकडून, दोघी मिळून प्राणहिता. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द, राजीव गांधींनी १९८८ ला भूमिपूजन केलं, अडीच लाख हेक्टर भिजवायचं होतं, आमच्या वडिलांची हयात कालव्याची वाट बघण्यात गेली. पाणी अडलं आणि त्यात काय आलं तर नागपूर. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि बॅकवॉटरमध्ये ते थांबतं. काठावरच्या गावांनी त्या पाण्यावर किती आंदोलनं केली. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विचारा जाळ्यात काय येतं. म्हणजे नाशिकला पाणी कमी म्हणून घाण दिसते आणि आमच्याकडे पाणी जास्त असून घाण थांबते कारण धरणाने वाहणं थांबवलं.

एक चांगली गोष्ट पण सांगतो, नाहीतर म्हणाल रडतच असतो. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना देतात, थंड करायला. तेवढं पेंच धरणाचं स्वच्छ पाणी वाचतं आणि तेवढी घाण नदीत जायची टळते. नाशिकने एकलहऱ्याला असंच थेट पाइपाने द्यावं, नदीतून कशाला फिरवायचं.

तिकडे वर्धेच्या काठाला वणी, घुग्घुस, चंद्रपूर, कोळशाच्या खाणी आणि राख. खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात. यवतमाळ-चंद्रपुरात हातपंपाला फ्लोराइड, दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडं धरतात. ते कारखान्याचं नाही, खडकातलंच आहे, जितकं खोल बोअर मारतील तितकं वाढण्याची शक्यता.

आणि शेवटचं टोक सिरोंचा. समोर तेलंगणाचं मेडिगड्डा बॅरेज, २०१९ ला सुरू झालं, बॅकवॉटरने आमच्या सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची जमीन खाल्ली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांबच खचले. पाणी त्यांचं, बुडीत आमचं. खाली भद्राचलमला १९८६ च्या पुरात पाणी ७५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२२ ला परत ७१ च्या वर. ज्या नदीसाठी तुम्ही वर थेंबाथेंबाला भांडता ती इथे गावं उठवते.

जुना_पाटकरी:
वैनगंगावाला, रास्त बोललात. राज्याराज्यांचा विषय निघालाच आहे तर मास्तरांसाठी थोडक्यात. बच्छाव लवाद म्हणतात लोक, खरं नाव बचावत लवाद, गोदावरीच्या पाणीवाटपाचा, १९८० चा निवाडा. पैठणच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरावं, पूर्णेवर सिद्धेश्वर धरणाच्या वरचं पण. त्याखाली तेलंगणाच्या पोचमपाड धरणापर्यंत नव्याने ६० टीएमसी. नांदेड जिल्ह्यातला बाभळी बंधारा ह्याच ६० मध्ये बसवलेला, तरी आंध्रने कोर्टात नेला. २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली पण अट अशी की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे. म्हणजे पाऊस असताना अडवायचं नाही, पाऊस गेल्यावर अडवा. नांदेडवाले अजून चिडतात त्यावर.

आणि एक मजेशीर, आंध्रातल्या पोलावरम धरणावरून ८० टीएमसी गोदावरी कृष्णेत वळवायचं ठरलं त्यात महाराष्ट्राला कृष्णेच्या पाण्यात १४ टीएमसी वाढवून द्यायचं आहे. नदी आंध्रात वळणार आणि हक्क आपल्याला वरती. हे पोरांना नकाशाशिवाय समजावू नका, मलाच तीनदा वाचायला लागलं होतं.

वैजापूरचा_मास्तर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मी प्रकल्पाचे गट पाडतोय, एक गट बाष्पीभवनाचं गणित, एक नकाशा तीन तुकड्यांचा, एक विहिरींची तपासणी. लॅबवाली ताई, नमुना पोरांनी कसा घ्यायचा तेवढं सांगा, मागे एकदा शाळेने पाठवला तर लॅबने परत केला होता.

लॅबवाली_ताई:
बाटलीमुळेच परत केला असणार, कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणतात लोक. जंतूंसाठी लॅबमधूनच निर्जंतुक बाटली घ्या, आत बोट लावू नका, झाकण उलटं जमिनीवर ठेवू नका. हातपंप असेल तर पाच मिनिटं हापसा मग भरा. विहिरीचं वरचं साचलेलं पाणी नको, दोर सोडून खालून काढा, दोर-बादली स्वच्छ. वर थोडी जागा रिकामी ठेवा. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा, फार तर २४ तास, शनिवारी दुपारी घेतला तर सोमवारपर्यंत तो बाद. नायट्रेट, फ्लोराइडसाठी साधी स्वच्छ प्लॅस्टिकची लिटरची बाटली चालते, ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्याने तीनदा खळबळून. बाटलीवर गाव, गट नंबर, विहिरीची खोली, तारीख-वेळ आणि उकिरडा किती फुटांवर आहे ते लिहा, हे शेवटचं कुणी लिहीत नाही. नदीचा घ्यायचा असेल तर पोरांना पाण्यात उतरवू नका, पुलावरून बादली सोडा, धारेच्या मधोमध.

नाशिककर_गोदा:
आणि मास्तर एक नमुना आवर्तन चालू असताना आणि एक बंद झाल्यावर आठ-दहा दिवसांनी, त्याच पुलावरून. मी सायखेड्याच्या पुलावरून घेऊन देतो पाहिजे तर, बाटल्या पाठवा.